इकी ओपो?

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्याकार्ताला पोचल्यावर स्वयंपाकघरात मी पहिला पदार्थ केला तो खळ. पतंगाला कागद डकवायला करतात ना, ती. करायची होती उकड. कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदळाच्या पिठाचं पाकीट आणलं, पाणी उकळलं, मीठ घातलं, चमचाभर तेल सोडलं, पीठ वैरलं, झाकण ठेवून वाफ आणली. सगळं आई करते तसं. झाकण काढलं तर पातेल्यात एक चकचकीत, ओला, जिवंत वाटणारा गोळा बसलेला. उलथनं घातलं ते त्यात उभंच राहिलं. हात घातला तर गोळा मनगटापर्यंत आला आणि सुटेना. आईचं वाक्य आठवत होतं, "उकड गरमच मळूक व्हयी." मळायला आधी तिने माझा हात सोडायला हवा होता.

शेजारच्या घरातली म्हातारी तेवढ्यात मागच्या दाराने आली. तिने आधी माझा हात पाहिला, मग पातेलं, मग पाकीट. पाकिटावर बोट ठेवून म्हणाली, "केतान." आणि खांदे हलवत हसत सुटली.

पाकिटावर 'तपुंग केतान' लिहिलेलं होतं. तपुंग म्हणजे पीठ एवढं मी शिकले होते. पुढचा शब्द तांदळाचाच असणार असं मी धरून चालले. पण साध्या तांदळाला तिथे बेरास म्हणतात. केतान म्हणजे चिकट तांदूळ, त्याचा दाणाच वेगळा, दुधाळ पांढरा, आरपार न दिसणारा. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आपल्या रोजच्या तांदळात दोन्ही असतात. केतानमध्ये अमायलोज जवळजवळ नसतंच. म्हणून शिजला की तो मोकळा होण्याचं नाव घेत नाही आणि गार झाल्यावर आपल्या भातासारखा लगेच कडकही होत नाही. आपल्या पिठीला चिकटपणा आणायला उकळत्या पाण्याची उकड काढावी लागते. केतानच्या पिठाला ती मदत नको असते. नको असलेली मदत केली की काय होतं ते माझ्या मनगटावर होतं.

त्या घरात आणि गल्लीतही सगळे तिला म्बाह म्हणत. म्बाह म्हणजे आजी, आजोबांनाही तेच. मला ती 'न्दुक' म्हणायची, म्हणजे पोरी, आमच्या मालवणीतलं 'चेडवा'. माझी इंडोनेशियन भाषा मोडकी, तिची बोली जावानीज, मधे दुभाषी म्हणून तिची कॉलेजात जाणारी नात. नात नसली की भांडी, बोटं आणि हसणं यांच्यावर काम चालायचं.

मी तिथे अकरा महिने होते, कोटागेडे नावाच्या भागात, जुन्या लाकडी घरांची मापं घ्यायच्या कामावर. कोटागेडे ही 16व्या शतकातल्या माताराम या जावानीज राज्याची राजधानी. आता ते योग्याकार्ता शहराच्या आग्नेयेला चिकटलेलं गाव आहे, चांदीच्या कारागिरांचं, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने मागे जावं अशा गल्ल्यांचं. 27 मे 2006च्या भूकंपात इथली कितीतरी जुनी घरं कोसळली. जी उरली त्यांचे खांब, तुळया, छपरं मोजून कागदावर उतरवायची, हे माझं काम. दिवसभर हातात टेप. म्बाहच्या घरात मापाचा एक चमचा नव्हता.

जावानीज लोक सात वारांच्या जोडीला पाच वारांचा आठवडाही पाळतात. लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. गावोगावच्या बाजाराला त्यातला एकेक वार वाटून दिलेला. कोटागेडेच्या वाट्याला लगी आला आहे. बाजार रोजच असतो, पण लगीच्या दिवशी तो रस्त्यावर सांडतो. कोंबड्या, रोपं, जुने पंखे, पिंजऱ्यातले पक्षी, काय वाटेल ते. लगी या शब्दाचा अर्थ गोड. एका वाराचं नावच गोड. आपल्याकडे गोडाचा दिवस असतो, पण तो कॅलेंडरात छापलेला नसतो.

या बाजारात पहाटे खाऊवाल्या बायका बसतात. सुपासारख्या गोल बांबूच्या ताटल्यांवर केळीचं पान अंथरलेलं आणि त्यावर ढिगारे. लुपिस, म्हणजे केळीच्या पानात त्रिकोणी बांधून तासन्‌तास उकडलेला चिकट तांदूळ; तो सुरीने कापत नाहीत, सुरीला चिकटतो, दोऱ्याने कापतात. चेनिल, टॅपिओकाचे गुलाबी-हिरवे रबरी तुकडे. तिवुल, सुकवलेल्या कसाव्याचा, एके काळी दुष्काळी गुनुंगकिदुल भागात भाताच्या जागी खाल्ला जाणारा आणि आता शहरातली माणसं हौसेने मागतात तो. सगळ्यातलं थोडं थोडं केळीच्या पानाच्या द्रोणात घालतात, वर खवलेलं खोबरं, वर काळपट गुळाचा दाट पाक. द्रोण टोचायला माडाच्या झापाचा हीर. तो हीर पाहून मी पहिल्यांदा नातीला म्हणाले, "अगदी आमच्यासारखं!" पुढचे कित्येक महिने मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की नात मला बाजारात दुरून काही दाखवायची आणि माझ्याआधी तीच ते म्हणून टाकायची.

कोटागेडेचा म्हणावा असा पदार्थ म्हणजे किपो. अंगठ्याच्या पेराएवढा, हिरवा, चपटा. केतानच्या पिठाची पारी, आत खोबरं आणि गूळ शिजवून केलेलं सारण, आणि केळीच्या पानावर ठेवून तव्यावर भाजलेला. पानाचा करपट वास पिठात उतरतो. नावाची गोष्ट गावात कोणीही सांगेल. पूर्वी गिऱ्हाइकं टोपलीपुढे उभी राहून विचारायची, "इकी ओपो?" हे काय? विक्रेतीने प्रश्नच नाव म्हणून ठेवून घेतला. इकी ओपो, किपो. मी पहिल्या दिवशी टोपलीपुढे बसून तोच प्रश्न विचारला आणि बाईने "किपो" असं उत्तर दिलं, तेव्हा मला वाटलं ती माझी नक्कल करतेय.

आतल्या सारणाला ते एन्तेन-एन्तेन म्हणतात. चव घेतली आणि मी बाजारातच डोळे मिटले. आमचं चून. वेलची नाही, बाकी तेच. मग काय, मला सगळीकडे कोकण दिसायला लागलं. पुतू मायांग नावाच्या तांदळाच्या शेवया गुळाच्या नारळरसात बुडवून देतात, ते आमचे शिरवाळे. सराबी मातीच्या छोट्या खापरात भाजतात आणि काही ठिकाणी गोड नारळरसात घालतात, ती आमची खापरोळी. दोडोल तर नावासकट गोव्यात नाताळला भेटतो. साखरेला त्यांचा शब्द गुला, तो संस्कृत गुडावरून गेलेला, म्हणजे आपल्या गुळाचा सख्खा भाऊ. भाताच्या देवीचं नाव देवी श्री. शेतातल्या भाताला एक शब्द, सालासकट दाण्याला दुसरा, तांदळाला तिसरा, कणीला चौथा, शिजलेल्या भाताला पाचवा आणि भाताच्या एका शिताला सहावा. शिताला स्वतंत्र शब्द असलेली माणसं परकी कशी म्हणायची?

या खुशीतच मी म्बाहला सांगितलं की मला क्लेपोन शिकव. मनात होतं, मोदकवाल्यांच्या घरातली मी, मला काय अवघड. खरं तर मोदकवाल्यांच्या घरातली असूनही मला मोदक येत नव्हते. गणपतीत मला नारळ खवायला बसवायचे. पारी आईच्या हातची, कळ्या काकूच्या. माझ्या कळ्या जाड होतात असं कधीतरी सातवीत असताना ठरलं आणि नंतर कोणी तपासून पाहिलं नाही.

क्लेपोन म्हणजे सुपारीहून थोडी मोठी हिरवी गोळी, बाहेर खोबऱ्याचा कीस, आत पातळ गूळ. रंगासाठी सुजी नावाच्या झाडाची पानं, वासासाठी पांदानची. आपल्याकडे भाताला बासमतीचा वास यावा म्हणून काहींच्या परसात एक झुडूप असतं, तेच पांदान. केवड्याच्या कुळातलं, पण काटे नसलेलं. त्याच्या पानात आणि आंबेमोहर-बासमतीत सुवासाचं मुख्य द्रव्य एकच. म्बाहने दोन्ही पानं बारीक चिरून पाट्यावर वाटली आणि फडक्यातून पिळली. तो रस कोमट करून पिठात थोडा थोडा घालत गेली.

मी तोवर नारळ फोडून दोन भकलं केली आणि इकडेतिकडे आडाळो, म्हणजे खवणीची विळी, शोधू लागले. आडाळो नव्हता. म्बाहने माझ्या हातातलं भकल घेतलं, करवंटी सुट्टी केली, खोबऱ्याची तपकिरी साल सुरीने तासली आणि पांढराशुभ्र तुकडा खिळ्यांच्या दातांच्या लाकडी फळीवर उभा घासला. लांब, सारखे धागे पडले. आमच्या खोबऱ्याचा चव होतो, तिचा कीस झाला. नारळही मी निवडलेला तिला पसंत नव्हता. तो जून होता, चवीला चांगला, पण इथे हवा ना कोवळा ना जून, मधला. मग तिने किसात मीठ घातलं आणि तो चक्क वाफवायला ठेवला. ओलं खोबरं वाफवायचं? न वाफवलेलं दुपारपर्यंत आंबतं, नात म्हणाली. मी मनात म्हटलं, आमच्याकडे उरतंय कुठे दुपारपर्यंत.

आता गूळ. नारळाच्या अर्ध्या करवंटीत ओतून थिजवलेला, गडद, धुराचा वास असलेला गुला जावा. तो तिने फोडला नाही. सुरीची धार आडवी धरून पातळ पातळ सालपटं काढली. मी मदत म्हणून चार खडे फोडून दिले तर तिने ते शांतपणे बाजूला सारले. खडा राहिला तर गोळी शिजेपर्यंत तो वितळत नाही, हे मला माझ्याच गोळीत सापडल्यावर कळलं. दात आपटला.

गोळा घ्यायचा, अंगठ्याने खड्डा पाडायचा, चिमूटभर गूळ ठेवायचा, तोंड मिटायचं, दोन तळव्यांत फिरवायचं. एवढंच. माझ्या पहिल्या आठ गोळ्यांपैकी सहा उकळत्या पाण्यात फुटल्या. पाण्याचा रंग बदलत गेला तसा म्बाहच्या चेहऱ्यावरचा आनंद वाढत गेला. चूक काय ते शब्दांत सांगायला नात आता घरी नव्हती, म्हणून म्बाहने माझी न उकडलेली एक गोळी घेतली, उजेडात धरली आणि नखाने एक रेघ दाखवली. मिटल्याची खूण. मग स्वतःची गोळी दाखवली. मी ती चारही बाजूंनी फिरवून पाहिली. कुठून गूळ आत गेला हे कळायला काही वावच नव्हता.

मला तिथे नेमकं काय चुकतंय ते दिसलं. मी वर चिमूट काढत होते. मोदकाचा हात. मोदकाला सगळं काम बाहेर दाखवायचं असतं. कळ्या मोजता आल्या पाहिजेत, नाक वर आलं पाहिजे, ताटात ठेवल्यावर बघणाऱ्याने कोणी केले हे विचारलं पाहिजे. क्लेपोनला जोड लपवायचा असतो. मोदक फुटला तर तो बिघडला. क्लेपोन न फुटला तर तो बिघडला, मात्र फुटायचं कुठे हे ठरलेलं: मिटलेल्या ओठांच्या आत. अर्धा चावून खाणाऱ्याच्या सदऱ्यावर गुळाची चिळकांडी उडते आणि जो तो ती पाहायला टपलेला असतो. तीन साहित्यं तीच, तांदूळ, नारळ, गूळ. पण मी हात घरचा घेऊन आले होते आणि घरचाच हात आड येत होता.

"ओजो कसूसू," म्बाह म्हणायची. घाई करू नकोस. गोळी आधी तळाला जाते, मग एकेक वर येते. वर आली की झालं असं मला वाटायचं. ती अजून जरा थांबायची. किती? विचारलं तर पाण्याकडे बोट. सप्टेंबरपर्यंत मला ते 'जरा' जमायला लागलं.

2020च्या जुलैमध्ये या बिचाऱ्या गोळीवरून इंडोनेशियात मोठी करमणूक झाली होती. क्लेपोनचा फोटो टाकून, हा पदार्थ इस्लामी नाही, त्याऐवजी आमच्याकडचे खजूर घ्या, असं एक चित्र समाजमाध्यमांवर पसरलं. लोकांनी विनोदांचा पाऊस पाडला. पाच वेळा नमाज पढणाऱ्या म्बाहला नातीने तेव्हा ते दाखवलं, तर तिने एवढंच विचारलं म्हणे की फोटोतल्या गोळ्यांना खोबरं इतकं कमी का लावलंय.

गुळाबद्दल मात्र मला अजून थोडा मत्सर वाटतो. योग्याकार्ताच्या पश्चिमेला कुलोन प्रोगोच्या डोंगरात मी एकदा माडावर चढणारा माणूस पाहिला. सकाळ-संध्याकाळ चढायचं, न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कापायची, खाली भांडं बांधायचं. रस आंबू नये म्हणून त्यात थोडा चुना. खाली घरात बाई मोठ्या कढईत तो काही तास आटवत बसलेली, चुलीत लाकडं, डोळ्यांत धूर. ज्या पोयीतून रस काढला तिला नारळ धरत नाही, म्हणजे प्रत्येक झाडाशी हिशोब करावा लागतो, यंदा नारळ की गूळ. गोव्यात माडाचा गूळ आहे, दोडोल त्याच्याशिवाय होत नाही. पण आमच्या सिंधुदुर्गात दारात वीस माड, आणि मोदकाचा गूळ घाट उतरून कोल्हापूरहून येतो. तो उसाचा, पिवळा, आनंदी गूळ आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाच झाडाच्या खोबऱ्यात त्याच झाडाचा गूळ घातला की काय होतं, ते मी पस्तिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या देशात चाखलं.

आणि मग ते पाऊल. शेजारच्या बाळाचं तेदाक सितेन होतं. जावानीज पंचांगात पस्तीस दिवसांचा एक फेरा. असे सात फेरे झाले, म्हणजे बाळ 245 दिवसांचं झालं की त्याचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावतात. म्बाह आदल्या रात्रीपासून केतान वाफवून, नारळ घालून, कुटून जादाह करत होती. कुटायला मीही होते. जादाह म्हणजे या चिकट भाताची वडी. सात रंगांच्या सात केल्या. मला वाटलं, नैवेद्य. सकाळी त्या सात वड्या ओळीने मांडल्या आणि आईने बाळाला काखेत धरून त्याचं पाऊल एकेका वडीवर टेकवलं. लाल, पांढरी, काळी, पिवळी. अन्नावर पाय. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला, शीत पायाखाली आलं की जातो तसा. शिताला स्वतंत्र शब्द असलेली ही माणसं. आजूबाजूला सगळे हसत होते, बाळाच्या तळव्याला भात चिकटला होता आणि ते ओरडत होतं. पुढे ते उसाच्या शिडीवर चढवलं गेलं. नातीने सांगितलं, आयुष्यातल्या अडचणी अशा पायाखाली घालून पुढे जायचं. कळलं. तरी रात्रभर कुटलेल्या त्या वड्यांकडे मला नीट पाहवेना. त्या दिवशी मी कोणालाही 'अगदी आमच्यासारखं' म्हटलं नाही.

गणेश चतुर्थीला मी मोदक केले. गणपती तिथे आहेच. प्रंबाननच्या 9व्या शतकातल्या शिवमंदिरात, पश्चिमेच्या दालनात, जाऊन पाहून आले होते. यावेळी पाकीट वाचून आणलं, तपुंग बेरास. उकड सुटली, पण तो आपला नवा आंबेमोहर नव्हे. पारी कडेला चिरत होती. एकवीसचा घाट घातला, अकरा उभे राहिले. कळ्या जाड. पण तोंड मिटताना मला जाणवलं की हात शांत आहे, घाई करत नाहीये. केळीच्या पानावर ठेवून वाफवले आणि पाच म्बाहकडे घेऊन गेले. ती मागच्या पडवीत बसली होती. ताटलीवरचं झाकण काढलं, वाकून पाहिलं, आणि तिने विचारलं,

"इकी ओपो?"

मी नाव सांगितलं. तिने एक उचलला, नखाने कळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग आख्खा तोंडात घालायचा प्रयत्न केला, ओठ घट्ट मिटून. मोदक कसला मावतोय. शेवटी चावला आणि डोळे बारीक करून वाट पाहत राहिली. काही उडालं नाही. उरलेल्या अर्ध्यात डोकावून म्हणाली, "एन्तेन-एन्तेन," आणि मान हलवली. पसंती की निराशा, कळलं नाही. पण दुसराही खाल्ला.

मग मला घेऊन माझ्याच स्वयंपाकघरात आली. परातीत उकड उरली होती. त्यातली चिमूट घेतली, खड्डा पाडला, गुळाची सालपटं भरली, तळव्यांत फिरवून गुळगुळीत गोळी केली. जोड दिसत नव्हता. उकळत्या पाण्यात सोडली. आम्ही दोघी वाकून पाहत राहिलो. गोळी तळाला गेली. वर येईना. एका बाजूने बारीक चीर दिसली, मग तपकिरी दोरा निघाला आणि पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं झालं. म्बाहने आणखी दोन गोळ्या करून पाहिल्या. त्याही गेल्या.

ती पाण्याकडे थोडा वेळ बघत राहिली. पाणी टाकून द्यावं म्हणून मी फडकं घेतलं तर तिने माझा हात अडवला. टोपलीतलं आलं ठेचून त्यात टाकलं, गवती चहाची एक काडी मुरगळून टाकली, करवंटीतला उरलेला गूळही सगळा सोडला. उकळी आली तशी दोन ग्लासांत ओतलं.

माझ्या ग्लासात उकडीचे दोन तुकडे आले. चमच्याने काढून खाल्ले. चांगले शिजले होते.